पाव मैलात हळू गाडीही जिंकते

अमेरिकेतल्या गावागावाबाहेरच्या ड्रॅग स्ट्रिपवर शनिवारी संध्याकाळी नेहमी दिसणारी एक जोडी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला आईची चार दारांची सेडान. रोज बाजारहाट करणारी, तिच्यात काही म्हणता काही बदल केलेला नाही. शेजारच्या पट्टीत तिच्या मुलाने मित्रांच्या मदतीने गॅरेजात रात्री जागवून उभी केलेली जुनी कॅमॅरो. समोर सरळ रस्ता, पाव मैलाचा. म्हणजे १,३२० फूट, सुमारे ४०२ मीटर. आईची गाडी हे अंतर सोळा सेकंदांत कापते, मुलाची अकरा सेकंदांत. दोघंही जिंकायला उभे आहेत, आणि दोघांनाही जिंकण्याची संधी अगदी सारखी आहे.

हे कसं शक्य आहे, हे कळलं की हा खेळ डोक्यातून जात नाही. ड्रॅग रेसिंग म्हटलं की आपल्याला आठवतात त्या आगीच्या ज्वाळा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागे उघडलेलं पॅराशूट. ते सगळं खरं आहे. पण या खेळाचा प्राण हौशी लोकांत आहे. आठवडाभर नोकरी करून शनिवारी गाडी पट्टीवर नेणाऱ्या बायका, आजोबा, मेव्हणे, शेजारी आणि शाळकरी मुलांत. आणि त्यांच्या त्या थोडक्या सेकंदांत भौतिकशास्त्र, हवामान, मनाचा संयम आणि घरातलं नातं इतकं दाटून भरलेलं असतं की पाहणाऱ्याने थक्क व्हावं.

कोरड्या तळ्यांपासून धावपट्टीपर्यंत

या खेळाची मुळं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांत आहेत. १९३० च्या दशकात मुरॉक आणि एल मिराज इथल्या सपाट, कडक मातीवर तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन जायची. मडगार्ड काढ, बंपर काढ, टप काढ, जे जे वजन कमी करता येईल ते कर आणि मग किती वेग मिळतो ते बघ, असा तो उद्योग होता. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. तिच्या नावातच वेळ मोजण्याची गोष्ट आहे, कारण सुरुवातीपासून या लोकांना शेजाऱ्याला हरवण्याइतकंच घड्याळाचं वेड होतं.

मग महायुद्ध आलं. मुरॉकचं तळं लष्कराकडे गेलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्ध संपल्यावर हजारो तरुण इंजिनांचं नवं ज्ञान हातात घेऊन घरी परतले. तळी शहरापासून दूर होती आणि घराबाहेरचा रस्ता जवळ होता. रात्री सिग्नलला दोन गाड्या शेजारी आल्या की शर्यत लागायची. अपघात झाले, माणसं दगावली, वर्तमानपत्रांनी या पोरांना गुंड ठरवलं.

इथे इतिहासाने एक शहाणं वळण घेतलं. १९५० मध्ये सँटा अ‍ॅना इथल्या विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, ही संस्था उभी केली. सुरक्षितता हेच तिचं ब्रीद. १९५३ मध्ये पोमोना इथल्या जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, आणि त्यामागे स्थानिक पोलिसांचा भक्कम पाठिंबा होता. पोमोना पोलीस दलातले सार्जंट बड कून्स पुढे १९५४ मध्ये ‘ड्रॅग सफारी’ नावाचं पथक घेऊन देशभर फिरले. ट्रेलरमध्ये वेळ मोजण्याची यंत्रं भरायची, गावात जायचं, रिकामी धावपट्टी शोधायची आणि तिथल्या पोरांना शर्यत सुरक्षितपणे कशी भरवायची ते शिकवायचं, हे त्यांचं काम. पोरांना पकडणाऱ्या खात्यातला माणूस पोरांना पट्टी आखून देऊ लागला. १९५५ मध्ये कॅन्सास राज्यातल्या ग्रेट बेंड इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तीही अशाच एका जुन्या लष्करी धावपट्टीवर.

हिरवा दिवा दिसला म्हणजे उशीर झाला

सुरुवातीला दोन गाड्यांच्या मध्ये एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा आणि उडी मारून इशारा द्यायचा. १९६३ पासून त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. रंगीबेरंगी दिव्यांमुळे सगळे त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. तो कसा चालतो हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण आडवे सोडलेले असतात, एकमेकांपासून सात इंचांवर. पुढच्या चाकाने पहिला किरण अडवला की खांबावरचा सर्वात वरचा दिवा लागतो, दुसरा अडवला की त्याखालचा. गाडी आता रेषेवर आहे. दोन्ही गाड्या तयार झाल्या की तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकामागून एक लागतात, आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरवा लागण्याआधी चाकाने किरण सोडला तर लाल दिवा पेटतो आणि शर्यत संपते.

आता गंमत पाहा. डोळ्याने दिवा पाहून पाय हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. शिवाय चाक गोल असल्याने किरण मोकळा व्हायला गाडीला सुमारे एक फूट पुढे सरकावं लागतं, आणि उभ्या गाडीला तेवढं सरकायलाही जवळपास तितकाच वेळ लागतो. दोन्ही मिळून अर्धा सेकंद होतो. म्हणून मुरलेला चालक हिरव्याची वाट बघत नाही. तो शेवटचा पिवळा दिसताच सुटतो. त्याचा पाय हलतो तेव्हा हिरवा अजून लागलेलाच नसतो, पण त्याचं चाक किरण सोडतं त्या क्षणी लागलेला असतो. हिरवा लागणं आणि चाकाने किरण सोडणं यांमधल्या वेळाला रिअ‍ॅक्शन टाइम म्हणतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, आणि सर्वोत्तम आकडा शून्य.

गाडीचं घड्याळ मात्र हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. चाकाने किरण सोडला की ते सुरू होतं. म्हणजे माणसाचा वेळ वेगळा मोजला जातो आणि गाडीचा वेगळा. गाडी कितीही पळाली तरी माणूस उशिरा सुटला तर शर्यत हातची जाते. हे दोन आकडे वेगळे ठेवण्यातूनच पुढचा सगळा चमत्कार जन्माला येतो.

खिडकीवर लिहिलेला शब्द

हौशी शर्यतींचा मुख्य प्रकार म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. इथे प्रत्येक चालक शर्यतीआधी जाहीर करतो की माझी गाडी किती सेकंदांत पाव मैल कापेल. या आकड्याला डायल-इन म्हणतात. तो बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने खिडकीच्या काचेवर लिहिलेला असतो, सगळ्यांना दिसेल असा. जितका दोघांच्या आकड्यांत फरक, तितका वेळ हळू गाडीचा हिरवा दिवा आधी लागतो.

आपल्या आईने लिहिलं १६.२०, मुलाने लिहिलं ११.१०. फरक ५.१० सेकंदांचा. तेवढा वेळ आई आधी निघते आणि मुलगा रेषेवर इंजिन गुरगुरवत तिची पाठमोरी गाडी दूर जाताना बघत थांबतो. ही पाच सेकंदं सहन करणं ही मोठी तपश्चर्या आहे.

मग समजा असं झालं. आईचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.०३५, आणि गाडीने घेतले १६.२२८ सेकंद. मुलगा अधिक चपळ, त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.०१२, आणि गाडीने घेतले ११.१६४. बेरीज करून बघा. आईच्या दिव्यापासून मोजलं तर ती १६.२६३ व्या सेकंदाला पोचली, मुलगा १६.२७६ व्या सेकंदाला. आई ०.०१३ सेकंदाने जिंकली. मुलगा त्या वेळी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावतोय, तरी तो फक्त सुमारे सत्तर सेंटीमीटर मागे आहे. आपला दिवा लागल्यावर तो आईपेक्षा चपळाईने सुटला, पाच सेकंदांनी कमी वेळात पळाला, आणि हरला. कारण त्याने दिलेला शब्द आणि केलेली धाव यांत आईपेक्षा जास्त अंतर राहिलं.

कुणी म्हणेल, मग मुद्दाम मोठा आकडा लिहावा, म्हणजे आरामात जिंकता येईल. त्यावर या खेळाने कडक नियम केला आहे. लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात गाडी पोचली तर त्याला ब्रेकआउट म्हणतात, आणि तो चालक हरतो. दोघांनीही तसं केलं तर ज्याने कमी ओलांडलं तो जिंकतो. त्यामुळे मुद्दाम मोठा आकडा लिहिणाऱ्याला शेवटच्या काही मीटरांत डाव्या-उजव्या बाजूला बघत, ब्रेकवर पाय ठेवत, नेमकं किती पुढे राहायचं याचा अंदाज घ्यावा लागतो. तेही एक कौशल्य आहे, पण सगळ्यात खात्रीचा मार्ग एकच. आपली गाडी खरी किती पळते हे जाणायचं आणि तेच लिहायचं.

म्हणूनच इथे पैसा हरतो. लाखांची गाडी लवकर पोचते, पण ती नेमकी कधी पोचेल हे तिच्या मालकाला माहीत नसेल तर पंधरा वर्षं जुनी, सवयीची गाडी तिला घरी पाठवते. मोटार शर्यतींच्या जगात याहून न्यायी खेळ मला माहीत नाही.

आठपट ताकद, निम्मा वेळ

आता त्या सेकंदांच्या आत शिरू. शंभरएक अश्वशक्तीची, माणसासकट तेराशे किलोची गाडी पाव मैल साधारण अठरा सेकंदांत कापते. तिला नऊ सेकंदांत आणायचं तर ताकद दुप्पट करून भागेल असं वाटतं. चौपटही पुरत नाही. आठपट लागते, म्हणजे आठशे अश्वशक्ती. वेळ हा वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. रॉजर हंटिंग्टन या मोटार लेखकाने शेकडो गाड्यांच्या आकड्यांवरून हा नियम पकडला, आणि १९७३ मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्यामागचं भौतिकशास्त्र मांडलं.

कारण साधं आहे. इंजिनाची ताकद म्हणजे गाडीला दिलेला जोर गुणिले गाडीचा वेग. ताकद तेवढीच राहिली आणि वेग वाढला की जोर आपोआप घटतो. गाडी जसजशी पळत जाते तसतसं तेच इंजिन तिला कमी-कमी ढकलतं. म्हणून ताकद ओतत जावी आणि वेळ मात्र चिकटपणे थोडाथोडाच खाली यावा, असं होतं.

याच नियमातून हौशी लोकांचं एक गुपित निघतं. घनमुळात वजन आणि ताकद दोन्ही आहेत, म्हणून वजन काढणं म्हणजे ताकद घालणंच. तेरा सेकंदांच्या गाडीतून दहा टक्के वजन उतरवलं तर जवळपास अर्धा सेकंद वाचतो. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, मित्र घामाघूम होऊन स्टेपनी, जॅक, मागची सीट बाहेर काढताना दिसतात ते यासाठी. इंजिनावर एक रुपयाही खर्च न करता गाडी वेगवान होते.

आणखी एक नवल सांगतो. पट्टीच्या टोकाला शेवटच्या ६६ फुटांत गाडीचा वेग मोजतात. त्या वेगाला लागलेल्या सेकंदांनी गुणा. सोळा सेकंदांची गाडी टोकाला ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असते, बारा सेकंदांची १८५ च्या आसपास. दोन्हीचा गुणाकार सुमारे २,२०० येतो. गाडी जुनी असो वा नवी, जड असो वा हलकी, आकडा त्याच परिसरात राहतो, कारण धावभर एकसारखी ताकद देणाऱ्या कुठल्याही इंजिनाला हाच हिशोब लागू पडतो.

प्रत्येक धावेनंतर चालकाच्या हातात एक कागद पडतो, टाइम स्लिप. त्यावर ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १,००० फूट आणि १,३२० फूट इथल्या वेळा छापलेल्या असतात. जाणकार माणूस तो कागद नाडीपरीक्षेसारखा वाचतो. टोकाचा वेग चांगला आणि वेळ मात्र वाईट, तर इंजिन निरोगी आहे, चालक सुरुवातीला चुकला. पहिले साठ फूट उत्तम आणि टोकाचा वेग कमी, तर इंजिनात कुठेतरी ताकद गळते आहे.

दमट हवेचं वजन

सकाळी १३.०० सेकंदांत धावलेली गाडी दुपारी १३.१५ घेते. गाडी तीच, चालक तोच. बदललेली असते ती हवा. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनवर. ऊन तापलं की हवा पसरते आणि प्रत्येक घोटात ऑक्सिजन कमी येतो.

दमटपणाची गोष्ट तर अधिकच विलक्षण. घामट दिवशी हवा जड झाल्यासारखी वाटते, पण खरं म्हणजे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू वजनाला १८, तर कोरड्या हवेतल्या रेणूंची सरासरी २९. वाफ हवेत शिरते तेव्हा ती ऑक्सिजन आणि नायट्रोजनची जागा घेते. इंजिनाला हवा मिळते, पण त्या हवेतला जळण्याजोगा वाटा घटलेला असतो.

उंचीचंही तसंच. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ बॅंडिमिअर स्पीडवे नावाची पट्टी होती, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फुटांवर. बॅंडिमिअर कुटुंबाने ती १९५८ पासून २०२३ पर्यंत चालवली. तिथली विरळ हवा साध्या इंजिनाची जवळपास पाचव्या हिश्शाची ताकद खाऊन टाकायची. घनमुळाचा नियम लावला तर समुद्रकाठी तेरा सेकंदांत धावणारी गाडी तिथे चौदाच्या जवळ जाते. अशा उंचावरच्या पट्ट्यांवरच्या वेळा दुरुस्त करण्यासाठी एनएचआरए वेगळे गुणक वापरते.

म्हणून हौशी संघाच्या ट्रेलरमध्ये पान्यांच्या शेजारी छोटं हवामान केंद्र असतं. तापमान, दाब, आर्द्रता यांची प्रत्येक धावेबरोबर नोंद होते. वर्षानुवर्षांच्या अशा वह्या घराघरांत जपून ठेवलेल्या असतात. पुढच्या फेरीआधी कुणीतरी वही उघडतं, आजच्यासारखी हवा पूर्वी कधी होती ते शोधतं, आणि मग काचेवर आकडा लिहिला जातो. अनेकदा हे काम घरातल्या सर्वात शांत माणसाकडे असतं.

रबर आणि रस्ता

पट्टीवरचा धूर दिखाव्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. त्याला बर्नआउट म्हणतात आणि त्याला काम आहे. चाक ओल्या जागेत फिरवून सुरू करायचं, मग जागच्या जागी घासत ठेवायचं, म्हणजे टायरवरची माती निघते आणि रबर तापून चिकट होतं. पट्टीच्या पृष्ठभागावरही राळेसारखं चिकट द्रावण फवारलेलं असतं. त्यावरून साध्या चपलेने चाललं तर चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढे जातो.

या चिकटपणाने पाठ्यपुस्तकातला एक अंदाज मोडला. टायरची पकड गाडीच्या वजनाएवढीच असेल असं धरलं तर गाडीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकंच होऊ शकतं, आणि त्या हिशोबाने पाव मैलाला नऊ सेकंदांच्या आत येणं अशक्य ठरतं. आज टॉप फ्युएल या सर्वात वेगवान वर्गाच्या गाड्या पाव मैलाऐवजी हजार फूटच धावतात, ते अंतर ३.७ सेकंदांहून कमी वेळात कापतात आणि टोकाला ताशी ५३० किलोमीटर ओलांडतात. त्यांचं सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चारपट आहे. तापलेलं रबर रस्त्याला घासण्याबरोबर चिकटतं, मागचा पंख हवेच्या जोरावर गाडी खाली दाबतो, आणि वर वळवलेल्या धुराड्यांतून सुटणारा वायूही तिला खाली रेटतो.

त्या गाड्यांचं इंधनही अजब आहे. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला साडेचौदा किलोंच्या आसपास हवा लागते, तर नायट्रोमिथेनला दोन किलोही पुरे. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन जाळता येतं. त्यातून अकरा हजारांहून जास्त अश्वशक्ती निघते, आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडून नव्याने बांधावं लागतं.

घराचा संघ

एनएचआरएच्या शर्यतींत पुरुषांसाठी वेगळा आणि स्त्रियांसाठी वेगळा गट नाही. शर्ली मल्डाउनी १९७७ मध्ये टॉप फ्युएलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारी पहिली स्त्री ठरली, आणि १९८० व १९८२ मध्ये ते पुन्हा जिंकून तीनदा हा किताब मिळवणारी पहिली व्यक्ती ठरली. तिच्या संघात गाडीवर काम करायला तिचा मुलगा असायचा. फनी कार या आणखी एका वेगवान वर्गात सोळा वेळा विजेता ठरलेल्या जॉन फोर्सच्या मुली त्याच पट्टीवर उतरल्या, आणि त्यांतल्या ब्रिटनीने २०१७ मध्ये टॉप फ्युएलचं विजेतेपद जिंकलं.

मुलांसाठी १९९२ मध्ये ज्युनिअर ड्रॅग रेसिंग सुरू झालं. निम्म्या आकाराच्या छोट्या गाड्या, सुरुवातीला गवत कापायच्या यंत्राच्या धर्तीवरचं पाच अश्वशक्तीचं इंजिन, आणि अंतर जास्तीत जास्त पाव मैलाच्या निम्मं. आज तिथे पाच ते सतरा वयाची मुलं धावतात. वय जितकं कमी तितकी वेगाची मर्यादा कडक. नियम मात्र तोच. डायल-इन लिहायचा आणि पाळायचा. टेक्सासची एरिका एंडर्स आठ वर्षांची असताना यात उतरली. २०१४ मध्ये प्रो स्टॉक वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारी ती पहिली स्त्री झाली.

आठवीतली मुलगी हवामानाच्या वहीत आकडे भरते, बाप टायरमधली हवा मोजतो, काका ट्रेलर ओढत आणतो, मित्र गाडी रेषेवर सरळ उभी आहे का ते मागून हात वर करून सांगतो. धाव पंधरा सेकंदांची, पण तिच्याभोवती अख्खा दिवस एकमेकांवर विसंबून काढावा लागतो. मोठ्या स्पर्धांतही साध्या तिकिटावर पिटमध्ये जाता येतं, विजेत्यांचं इंजिन उघडलेलं हातभर अंतरावरून पाहता येतं, त्यांच्याशी बोलता येतं.

धोका खरा आहे, आणि हा खेळ तो झाकत नाही. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाऊनला स्कॉट कॅलिटा या फनी कार वर्गातल्या चालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच सर्वात वेगवान गाड्यांचं अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणलं गेलं. हौशी लोकांसाठीही वेगानुसार अटी वाढत जातात. साधारणपणे चौदा सेकंदांच्या आत आलात की हेल्मेट, साडेअकराच्या आत आलात की छताला आधार देणारी पोलादी चौकट, दहाच्या आत आलात की परवाना. गाडी वेगवान झाली की जबाबदारी तितक्याच नेमकेपणाने वाढते.

आपल्या वाटेची पट्टी

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर भागातला बैलगाडा ज्याने पाहिला आहे त्याला हे सारं ओळखीचं वाटेल. सरळ घाट, एकामागून एक बारी, सेकंदांच्या अंशांवर ठरणारा निकाल, आणि त्यामागे वर्षभर बैलांना पोटच्या पोरासारखं जपणारं अख्खं घर. १८ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या शर्यती बैलांना इजा होऊ नये यासाठीच्या अटींच्या चौकटीत भरतात. हौस आणि नियम हातात हात घालून चालू शकतात, हे आपल्या मातीलाही ठाऊक आहे.

इंजिनाच्या हौशीला मात्र आपण अजून पुरेशी जागा दिलेली नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरते, तिथे देशभरातून गाड्या आणि दुचाक्या घड्याळाशी झुंजायला येतात. ती पाहण्यासारखी आहे. पण वांद्र्याच्या आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या रस्त्यांवर पोलिसांना रात्रीच्या बाइक शर्यती मोडून काढाव्या लागल्या आहेत, आणि प्रत्येक शहराची अशीच गोष्ट आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा योग्यच आहे, कारण रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने शर्यतीला होकार दिलेला नसतो. पण कॅलिफोर्नियातल्या सत्तर वर्षांपूर्वीच्या अनुभवाने दाखवलं की दंडुक्याच्या जोडीला मोकळी धावपट्टी, रुग्णवाहिका, तपासणी आणि घड्याळ दिलं तर तीच पोरं नियम पाळणारे खेळाडू होतात, आणि त्यांच्याबरोबर आईबापही येतात.

तेव्हा ज्यांच्या हाती विमानतळांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या रिकाम्या पट्ट्या आहेत, त्यांनी वर्षातून काही रविवार तरी या हौशीसाठी उघडून द्यावेत. आणि तुमच्या घरात इंजिनाच्या आवाजाने उठून बसणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला रागे भरण्याआधी एकदा व्हॅली रनला घेऊन जा. हेल्मेट, पट्टी आणि घड्याळ यांच्याशिवाय शर्यत नाही, हे तिला तिथेच कळेल, आणि ते तिला तुमच्या सोबतीने कळू द्या.